चार चाकांचे बळ दोन चाकांवर



आजच्या विषयाचे नाव ऐकून आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांला विचारले, "वसंतातल्या व्याख्यानांत साहित्य असावे, इतिहास असावा, फार तर आरोग्य असावे, मोटारीच्या गिअरबॉक्सचे येथे काय काम?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणून एक घडलेली हकीकतच आधी सांगतो. यंत्राविषयीचे अर्धवट ज्ञान घराच्या अंगणापर्यंत कसे येऊन पोचते, हे तिच्यावरून ध्यानात येईल.

या शतकाच्या पहिल्या दशकात शेवरोले या नावाने फॉरेस्टर नावाची एक गाडी आपल्या देशात विकली जात असे. नाव शेवरोलेचे, पण गाडी मूळची जपानच्या सुबारूची. तिची चारही चाके सदैव इंजिनाच्या बळाने फिरत. अशी एक जुनी गाडी आमच्या परिचयाच्या एका तरुण गृहस्थांनी हौसेने घेतली. पुढे एके दिवशी तिच्या पुढच्या डाव्या चाकाला बळ पोचविणारा दांडा, म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट, सांध्यात तुटला. सुटा भाग मिळेना. शेवटी एका कारागिराने सल्ला दिला, "साहेब, चार चाकांचे लाड हवेत कशाला? तुटका दांडा काढून टाकू. मागची दोन चाके आहेतच की! गाडी मागच्या चाकांवर चालेल."

दांडा काढला. इंजिन सुरू केले, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन गुरगुरू लागले, पण गाडी सपाटीवर जेमतेम रांगे आणि अंगणातल्या लहानशा चढावर जागची हलेना. चारांपैकी तीन चाके शाबूत, मागची दोन तर पूर्ण जोडलेली, आणि तरी गाडी चालेना! कंटाळून त्यांनी ती तेथेच गिअरमध्ये ठेविली, एका चाकाखाली दगड लावला आणि घरात गेले. हातब्रेक ओढला नाही. गिअरमध्ये ठेविलेली गाडी हलत नाही हा त्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव. संध्याकाळी तो दगड कोणीतरी सहज उचलून नेला. गाडी आवाज न करता, माणूस चालतो त्याहूनही हळू, उताराने निघाली आणि कुंपणाच्या भिंतीला टेकून थांबली. मध्ये त्यांच्या मुलीची तीनचाकी सायकल होती, तिचा चुराडा झाला. मुलगी पाचच मिनिटांपूर्वी जेवायला आत गेली होती.

या हकीकतीत दोन कोडी आहेत. तीन चाके जोडलेली असता गाडी का चालली नाही, हे पहिले. आणि गिअरमध्ये असता ती का घरंगळली, हे दुसरे. दोन्हींचे उत्तर एकच आहे, आणि ते समजले म्हणजे चार चाकांची गाडी मागच्या दोन चाकांवर आणावयाची तर नेमके काय करावे लागते, हेही आपोआप उलगडते.

आरंभ बैलगाडीपासून करू. बैलगाडीचा कणा फिरत नाही. त्याच्या दोन टोकांवर दोन चाके आपापली, स्वतंत्र फिरतात. गाडी वळली म्हणजे बाहेरच्या चाकाला अधिक वाट चालावी लागते, आतल्याला कमी. पण चाके एकमेकांना बांधलेली नसल्यामुळे तंटा होत नाही. ओढण्याचे काम बैल करतात, चाके केवळ भार वाहतात. मोटारीत मात्र चाकांनीच गाडी ढकलावयाची असते. मग दोन चाके एका ताठ दांड्याला पक्की बसविली तर काय होईल? दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर धरा. एका पूर्ण वळशात बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे ९.४ मीटर अधिक चालते. मग वळसा लहान असो की मोठा, हा फरक तेवढाच राहतो. ताठ दांड्यावर हा फरक भरून निघावयाचा तो एक चाक घासटूनच. टायर झिजतील, दांडा पिळवटेल आणि सुकाणू जड होईल.

यावर काढलेली तोड म्हणजे डिफरन्शियल. त्याचे अंतरंग दंतचक्रांचे असले तरी त्याचा स्वभाव आपल्याला जुवावरून उत्तम कळेल. जुवाच्या मध्याला गाडीचा भार आणि दोन टोकांना दोन बैल. दोन्ही बैल सारख्या जोराने ओढतात तोवर जू सरळ राहते. एक थोडा पुढे, एक थोडा मागे झाला तरी जू तिरपे होऊन तो फरक पोटात घेते. परंतु एका बैलाने ओढणेच सोडले, तर दुसरा कितीही बळकट असो, जू त्याच्याकडून फिरत जाते आणि गाडी जागीच राहते. साध्या डिफरन्शियलचा नियम हाच: दोन्ही टोकांना तो सारखेच बळ देतो, आणि ज्या टोकाला अडथळा कमी त्याच्या मानानेच दुसऱ्यालाही देतो. एक टोक मोकळे सुटले तर त्याला द्यावयाचे बळ शून्य; म्हणून दुसऱ्यालाही शून्य. चिखलात एक चाक गरगरते आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे चाक ढिम्म उभे असते, हे दृश्य आपण पावसाळ्यात पाहिलेच असेल.

दोन चाकांच्या गाडीला असा एक डिफरन्शियल पुरतो. सदैव चारही चाकांनी चालणाऱ्या गाडीला मात्र तीन लागतात: एक पुढच्या दोन चाकांत, एक मागच्या दोन चाकांत आणि तिसरा मध्ये, पुढची जोडी आणि मागची जोडी यांच्यात वाटणी करणारा. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात, म्हणून हा तिसरा हवा.

आता पहिले कोडे सुटले. डाव्या चाकाचा दांडा काढल्यामुळे पुढच्या डिफरन्शियलचे एक टोक मोकळे झाले, म्हणून पुढची सारी जोडीच निर्बळ झाली. मधल्या डिफरन्शियलला पुढचे टोक मोकळे दिसले, म्हणून त्याने मागच्या टोकालाही बळ नाकारले. तुटला एकच दांडा, पण बैठे राहिले सारे कुटुंब! दुसरे कोडेही तसेच. उभी गाडी गिअरमध्ये असली म्हणजे इंजिन मधल्या डिफरन्शियलचे घर धरून ठेवते. पण घर धरले तरी त्याची दोन टोके परस्परांविरुद्ध फिरू शकतात. मागची चाके उताराकडे फिरू लागली आणि पुढचे मोकळे टोक उलटे फिरत राहिले. त्या गाडीत दोन टोकांमध्ये दाट तेलाचे एक कपलिंग होते. ते फार वेग होऊ देत नाही, पण थांबवूही शकत नाही. म्हणूनच गाडी धावली नाही, रांगत गेली. स्वयंचलित गिअरच्या गाडीतही मधला डिफरन्शियल असा मोकळा असेल, तर एक बाजूचा दांडा काढल्यावर 'पार्क'ची खूण गाडीला धरून ठेवीलच असे नाही. आजच्या व्याख्यानातले बाकी सारे विसरलात तरी चालेल. एवढे मात्र ध्यानात ठेवा की असा दांडा काढलेली गाडी गिअरच्या भरवशावर उतारावर सोडू नये. हातब्रेक ओढावा आणि चाकांना उटी लावावी.

चार चाकांच्या सगळ्या गाड्या मात्र एका जातीच्या नसतात. म्हणून आधी जात ओळखावी, मग हत्यार उचलावे. आमच्या समजुतीप्रमाणे मुख्य जाती चार.

पहिली जात जीपची. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत महिंद्रांनी विलीज जीप जुळविण्यास आरंभ केला, तेव्हापासून ही जात आपल्या परिचयाची. मारुतीची जिप्सीही त्याच वळणाची. हिच्यात मागची चाके नेहमीच चालतात, आणि एक जादा दांडी ओढली की पुढची जोडली जातात. मध्ये डिफरन्शियल नसतो. म्हणून ही गाडी मुळातच मागच्या चाकांची आहे. तिला बदलण्याचे काही कारणच नाही, दांडी सोडली की झाले. उलट दांडी ओढलेली ठेवून कोरड्या डांबरी रस्त्यावर वळणे घेतली तर यंत्र पिळवटून घेते.

दुसरी जात निसानच्या स्कायलाइन जीटी-आरची. १९८९ साली आलेल्या तिच्या आर-३२ या अवतारात मागच्या चाकांना बळ थेट जाते, आणि पुढच्यांना ते लागेल तेव्हा अनेक तबकड्यांच्या क्लचमधून दिले जाते. येथे पुढचा दांडा काढला तरी मागचा मार्ग अखंड राहतो. बदल त्यामानाने सोपा.

तिसरी जात आजकालच्या बहुसंख्य शहरी चारचाकी वाहनांची. इंजिन आडवे, गिअरबॉक्स आडवा, पुढची चाके मुख्य, आणि मागच्यांना गरजेपुरते बळ. येथे मागची चाके ही पाहुणी, पुढची घरधनी. घरधन्याला घराबाहेर काढून पाहुण्याच्या हाती कारभार सोपविणे म्हणजे बहुधा सारा गिअरबॉक्सच नव्याने रचणे. तो उद्योग न केलेला बरा.

चौथी जात सुबारूची, आणि आज विस्ताराने सांगावयाचे ते हिच्याचविषयी. सुबारू हे जपानी भाषेत कृत्तिका नक्षत्राचे नाव. कार्तिकेयाला सांभाळणाऱ्या आपल्या सहा कृत्तिकाच त्या गाडीच्या बिल्ल्यावर सहा ताऱ्यांच्या रूपाने दिसतात. फुजी हेवी इंडस्ट्रीज ही कंपनी १९५३ साली स्थापन झाली आणि २०१७ साली तिने सुबारू हेच नाव घेतले. गंमत अशी की या कंपनीची चार चाकांची गाडी जन्मली तीच मुळी एका बदलातून. जपानच्या ईशान्येकडील तोहोकू प्रांतात हिमवर्षाव फार. तेथील वीज कंपनीच्या माणसांना हिवाळ्यात तारा तपासीत डोंगरातून हिंडावे लागे. जीप बर्फात चाले, पण आत बसणारा गारठून जाई. तेव्हा मियागी येथील सुबारूच्या विक्रेत्याने पुढच्या चाकांवर चालणारी एक व्हॅन घेतली आणि निसानच्या ब्लूबर्ड गाडीचा मागचा डिफरन्शियल वगैरे भाग बसवून तिची मागची चाकेही चालती केली. १९७१ च्या टोकियो प्रदर्शनात हा प्रयोग मांडला गेला आणि १९७२ मध्ये लिओनी नावाची चार चाकांची व्हॅन कारखान्यातून बाहेर पडली. म्हणजे जे जोडले गेले ते एका खऱ्या गरजेसाठी. काढणाऱ्यानेही आपली गरज तितकीच खरी आहे ना, हे स्वतःला विचारावे.

आता या गाडीच्या हाताने चालविण्याच्या, पाच गिअरांच्या गिअरबॉक्सचे अंतरंग पाहू. सर्वांत पुढे इंजिन, त्याच्या मागे क्लच. क्लचच्या मागे, गिअरबॉक्सच्या पोटातच, पुढच्या चाकांचा डिफरन्शियल. त्याच्या मागे गिअरांची रांग, आणि शेपटाकडे मधला डिफरन्शियल. मौज पुढेच आहे. गिअरांकडून आलेले बळ एका पोकळ दांड्यातून मागे जाते आणि मधल्या डिफरन्शियलच्या घराला मिळते. तेथे त्याचे दोन वाटे होतात. एक वाटा शेपटातल्या दोन दंतचक्रांवरून मागच्या लांब दांड्याला, म्हणजे प्रोपेलर शाफ्टला जातो. दुसरा वाटा उलट फिरतो: त्या पोकळ दांड्याच्या पोटातून जाणाऱ्या भरीव दांड्याने तो पुन्हा पुढे येतो. या भरीव दांड्याच्या टोकाला पिनियन असते आणि ते पुढच्या डिफरन्शियलच्या क्राऊन चक्राला फिरविते. एका नळीतून दुसरी नळी, जाणारे बळ बाहेरून आणि परतणारे आतून.

ही रचना डोळ्यांपुढे आली म्हणजे बदलाच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. एकीतून दुसरी निघते.

पहिली पायरी: मधला डिफरन्शियल बांधून टाकणे. जुवाचे एक टोक मोकळे राहणार आहे, तेव्हा जू फिरू नये म्हणून ते मध्यातच पक्के केले पाहिजे. गिअरबॉक्सचे मागचे झाकण काढले की हा डिफरन्शियल हाती लागतो. त्यासाठी सारी पेटी दुभागावी लागत नाही. काही कारागीर त्यातली छोटी दंतचक्रे वेल्डिंगने जोडून टाकतात. स्वस्त खरे, पण ही चक्रे वरून कठीण केलेल्या पोलादाची असतात. वेल्डिंगच्या आंचेने ती ठिसूळ होऊन तडकू शकतात, आणि उडालेला एखादा कण तेलातून बेअरिंगात गेला तर सारा गिअरबॉक्स खराब करतो. डिफरन्शियलच्या जागी लेथवर घडविलेला एकसंध ठोकळा बसविणे हा शहाणा मार्ग.

दुसरी पायरी: पुढचे दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट काढणे. दोन्ही, एक नव्हे. मध्य बांधला आणि पुढची चाके जोडलेलीच ठेविली, तर वळणावर पुढच्या-मागच्या वाटेचा फरक भरून निघण्यास जागा उरत नाही आणि जीपच्या दांडीसारखाच पीळ पडतो.

तिसरी पायरी, जी हमखास विसरली जाते: पुढच्या चाकाच्या तुंब्याची. या गाडीत ड्राइव्ह शाफ्टचे बाहेरचे टोक तुंब्यातून आरपार जाते आणि मोठ्या नटाने आवळले जाते. त्या आवळण्यानेच चाकाचे बेअरिंग एकत्र धरलेले असते. दांडा संपूर्ण काढून घेतला तर ते बेअरिंग सुटत जाईल, आणि चालत्या गाडीचे चाक डुलू लागेल. म्हणून बाहेरच्या सांध्याचे टोक कापून ठेवावे, तुंब्यात घालावे आणि नेमलेल्या जोराने नट आवळावा.

चौथी पायरी: गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंना दांडे जेथून बाहेर पडत तेथील तोंडे बंद करणे. हाताच्या गिअरबॉक्समध्ये गिअर आणि पुढचा डिफरन्शियल एकाच तेलावर चालतात. तोंड उघडे राहिले तर तेल गळेल आणि थोड्याच वेळात गिअर कोरडे पडतील.

एवढे झाल्यावर गाडी मागच्या चाकांवर चालू लागते, आणि उतारावर गिअरमध्ये ठेविली तर धरूनही राहते. पुढच्या डिफरन्शियलचे क्राऊन आणि पिनियन मात्र आत रिकामे फिरतच राहतात. ते उपटून का टाकू नये? कारण पिनियनचा दांडा पोकळ दांड्याच्या पोटात बसून त्याला आधार देतो. ज्याला आपण निरुपयोगी समजतो तोच शेजाऱ्याचा टेकू असतो, हा संसारातला अनुभव येथेही लागू पडतो.

स्वयंचलित गिअरच्या काही जुन्या सुबारूंत एक छोटा फ्यूज बसविला की गाडी दोन चाकांवर येई. ही सोय ऐकून पुष्कळांचा गैरसमज होतो. त्या फ्यूजने सुटतात ती मागची चाके. उरते ती पुढची. तेथे पुढच्यांना बळ थेट आणि मागच्यांना क्लचमधून, म्हणून उलट करता येत नाही.

आता हिशेब. बदल तर झाला, पण बळ गेले कोठे? समजा इंजिनाचा पीळ, म्हणजे फिरविण्याचे बळ, १५० न्यूटन-मीटर आहे. पहिला गिअर तो साडेतीन पट करतो आणि क्राऊन-पिनियन आणखी ४.१ पट. चाकांच्या दांड्यांवर झाले सुमारे २,१५० न्यूटन-मीटर. पूर्वी याचे दोन सारखे वाटे होत. पुढे १,०७५, मागे १,०७५. आता सारे २,१५० मागच्यांच्या डोक्यावर. मागचा प्रोपेलर शाफ्ट, मागचा डिफरन्शियल, मागचे दांडे हे सारे अर्ध्या ओझ्याच्या हिशेबाने घडविलेले असताना त्यांनी आता सगळे ओझे वाहावयाचे. सुबारूच्या मागच्या डिफरन्शियलचे दोन प्रकार प्रसिद्ध आहेत, आर-१६० आणि आर-१८०. हे आकडे क्राऊन चक्राच्या व्यासाचे, मिलिमीटरमध्ये. बळकट इंजिनाच्या गाडीला असा बदल करणारे जाणते लोक लहान काढून मोठा बसवितात, ते याचसाठी.

दुसरा हिशेब टायर आणि रस्ता यांचा. गाडीचे वजन १,४०० किलो धरा. इंजिन पुढे असल्यामुळे त्यातले ६० टक्के, म्हणजे ८४० किलो पुढच्या चाकांवर आणि ५६० किलो मागच्यांवर. कोरड्या रस्त्यावर टायर आपल्यावरील भाराच्या सुमारे ०.८ पट जोर लावू शकतो असे समजू. मागच्या जोडीची मर्यादा झाली ४४८ किलो, पुढच्या जोडीची ६७२. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरली तर २,१५० न्यूटन-मीटरचा पीळ रस्त्यावर सुमारे ७३० किलोचा जोर होऊन उतरतो. पूर्वी दोन्ही जोड्यांना ३६५-३६५ किलो येत. दोघीही आपल्या मर्यादेत. आता सारे ७३० किलो मागच्या जोडीवर, आणि तिची मर्यादा ४४८! वेग घेताना काही भार मागे सरकतो हे खरे, पण एवढी तूट भरून निघण्याइतका नाही. परिणाम एकच: पूर्ण जोर दिला की मागची चाके घसरून गरगरणार. वळणावर हेच घडले तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो, आणि पावसात तर त्यासाठी पूर्ण जोराचीही गरज नसते.

काही लोकांना हवे असते ते नेमके हेच. जपानमध्ये मागची चाके मुद्दाम घसरवीत, गाडी आडवी धरून वळणे घेण्याचा ड्रिफ्टिंग नावाचा खेळ फोफावला, आणि त्यासाठी १९९२ पासून निघालेल्या इम्प्रेझासारख्या गाड्या मागच्या चाकांवर आणल्या गेल्या. बंदिस्त मैदानात, शिरस्त्राण घालून, प्रेक्षकांना दूर ठेवून हा खेळ खेळणाऱ्यांविषयी आमची तक्रार नाही. शिवाय पुढची चाके ओढण्याच्या कामातून मोकळी झाली की सुकाणू हलके आणि निर्मळ वाटते, हाही गुण खरा. परंतु मैदानातला गुण घाटातल्या वळणावर अवगुण ठरतो.

मागच्या चाकांकडे जाणारी आणखी एक वाट आहे, आणि ती ऐकून आपल्याला हसू येईल. काही हौशी लोक सुबारूचे इंजिन आणि गिअरबॉक्स काढून फोक्सवॅगनच्या जुन्या व्हॅनच्या मागच्या भागात बसवितात. येथे गिअरबॉक्सचे शेपूट बंद करतात, मधल्या डिफरन्शियलच्या जागी पोकळ आणि भरीव दांडे एकत्र जोडणारी कडी घालतात, आणि मूळचा पुढचा डिफरन्शियल आता मागच्या चाकांना फिरवितो. पण सुबारूत इंजिन आसाच्या पुढे असते, या व्हॅनमध्ये ते आसाच्या मागे. म्हणून सारे यंत्र टोकाचे टोकाला फिरवून बसवावे लागते. मग काय होते? डावे ते उजवे होते आणि पुढे फिरणारे चाक मागे फिरू लागते. गाडीला पाच गिअर मागे जाण्याचे आणि एक पुढे जाण्याचा! क्राऊन चक्र पिनियनच्या दुसऱ्या बाजूला बसविले की दिशा सुधारेल असे वाटते. पण हे पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर नसते, थोडे बाजूला सरकलेले असते, आणि दोघांचे वळणदार दात त्याच एका मांडणीसाठी कातलेले असतात. म्हणून उलट कातलेली नवी जोडीच हवी. ऑस्ट्रेलियात अशा जोड्या तयार करणारे कारखानदार आहेत. इंजिन आसाच्या पुढेच राहील अशा, मध्ये इंजिन असलेल्या हौशी गाड्यांत मात्र हा उलटापालटीचा प्रश्न उद्भवत नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. २०१२ साली सुबारूने टोयोटाच्या सहकार्याने बीआरझेड नावाची मागच्या चाकांची गाडी काढली. तेव्हा त्या कारखान्याने आपल्या चार चाकांच्या गिअरबॉक्सची काटछाट केली नाही. इंजिन मागे आणि खाली सरकविले, आणि मागच्या चाकांसाठीच आखलेला निराळा गिअरबॉक्स घेतला. ज्यांच्या घरचे ते यंत्र, त्यांनीही नवा संसार नव्याने मांडला, यात आपल्यासारख्यांनी घ्यावयाचा धडा आहे.

कायद्याचेही दोन शब्द सांगितले पाहिजेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये नोंदणीतला तपशील उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन स्पष्ट शब्दांत उचलून धरले आहे. म्हणून सार्वजनिक रस्त्यावर चालवावयाच्या गाडीला हात लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी विचारावे. अपघातानंतर विचारण्यात अर्थ नसतो.

आमच्या त्या तरुण गृहस्थांचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हांला बोलाविले. अंगणात गाडी भिंतीला टेकलेली, आणि तिच्यापुढे चेपलेली सायकल तशीच. आम्ही जुवाची गोष्ट सांगून वरच्या चारही पायऱ्या त्यांच्यापुढे मांडल्या आणि खर्चाचा आकडाही मांडला. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "इतके सगळे करून गाडी पूर्वीपेक्षा घसरणार, आणि कागदोपत्री बेकायदेशीर ठरण्याची भीती. त्यापेक्षा तुटलेला सांधाच पुन्हा करून घेतो." एका जुन्या लेथवाल्याने आणि एका सुट्या भागांच्या व्यापाऱ्याने मिळून तो दांडा दीड महिन्यात उभा केला. आज ती गाडी पुन्हा चारही चाकांनी चालते. मुलीला नवी सायकल मिळाली. आणि अंगणात गाडी लावताना ते गृहस्थ आता प्रथम हातब्रेक ओढतात, मग इंजिन बंद करतात.

बदल करूच नये असे आमचे म्हणणे नाही. तसे म्हणणाऱ्याला मियागीच्या त्या विक्रेत्याचे उदाहरण खोटे पाडावे लागेल. आमचे म्हणणे इतकेच की एखादा भाग काढण्यापूर्वी तो कोणकोणती कामे करतो आहे ते मोजावे. तो दांडा चाक फिरवीत होता, बेअरिंग धरीत होता, तेल आत कोंडून ठेवीत होता आणि उभ्या गाडीला उतारावर जागेवर राखीत होता. कारागिराने त्यातले एकच काम पाहिले. उरलेली तीन कोणी पाहिली नाहीत म्हणून ती सायकल गेली, आणि सायकलच गेली हे आपले भाग्य.